एकशे सत्तर चौरस फूट आणि पाच माणसं

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, इमारत वीसेक वर्षं जुनी, लिफ्ट नाही. हॉल १० बाय १७ फूट. घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि दहावीत गेलेली मुलगी. जुना सोफा पार बसलाय, नवा घ्यायचाय. एल शेपचा घ्यावा की थ्री प्लस वन प्लस वन? डायनिंग टेबल मावेल का? स्वयंपाकघराची भिंत काढली तर हॉल मोठा दिसेल असं एक जण म्हणाले, ते खरं का? सेल रविवारी संपतोय. आणि शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: 'तसंही संध्याकाळी सात ते दहा हॉलमध्ये रोज कोणाचं ना कोणाचं वाजतंच.'

ताई, आधी सेलचं बोलू. सेल परत येतो. गणपतीला येतो, दसऱ्याला येतो, दिवाळीला तर येतोच येतो. चुकीचा सोफा मात्र एकदा आला की दहा वर्षं जात नाही, कारण धडधाकट वस्तू टाकून द्यायला आपल्याकडे कोणाचाच हात उठत नाही. तेव्हा हा रविवार जाऊ द्या.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या वाक्यापाशी अडले. बावीस वर्षं ठाणे ते कल्याण या पट्ट्यात घरांची आतली कामं करतेय. लोक सोफ्याचं विचारायला येतात आणि अर्ध्या तासाने कळतं की भांडण रिमोटवरून आहे. तुमच्याकडेही तेच दिसतंय. सासऱ्यांच्या बातम्या, लेकीचा अभ्यास, सासूबाईंची मालिका, मिस्टरांचा ऑफिसचा कॉल आणि तुमची पोळ्यांची वेळ हे सगळं एकाच खोलीत, एकाच तीन तासांत येऊन पडलंय. सोफा एल असो की सरळ, ते तीन तास तसेच राहणार.

तुमचा हॉल होतो १७० चौरस फुटांचा. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतली अख्खी खोली १६० चौरस फुटांची होती. माझी मावशी नायगावात अशाच खोलीत राहायची, घरात सात माणसं. मला त्या दिवसांचं कौतुक करायचं नाही. सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस चाळीवर कविता करत नाही. पण मावशीच्या खोलीत एक गोष्ट पक्की होती. कुठल्या वेळेला ती खोली कोणाची, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सकाळी आठपर्यंत डब्यांची, दुपारी शिवणाच्या मशीनची, संध्याकाळी मुलांच्या वह्यांची, रात्री अंथरुणांची. काका पेपर घेऊन गॅलरीत जायचे ते हवा खायला नव्हे, पाढे चालू असायचे म्हणून. पुढे आपण मोठ्या घरांत आलो, प्रत्येक कामाला एकेक फर्निचर घेतलं आणि ते वेळेचं गणित विसरलो.

म्हणून माझ्याकडे कोणी आलं की पहिलं काम हेच देते: एक साधा दिवस आणि एक रविवार, सकाळी सहा ते रात्री अकरा, तासातासाला लिहा की हॉलमध्ये कोण होतं आणि काय करत होतं. जे होतं तेच लिहायचं, जे व्हायला हवं ते नाही. बहुतेक घरांत दिसतं की हॉल सकाळी अकरा ते चार जवळजवळ मोकळा असतो आणि दोनतीन तासांत त्यावर झुंबड उडते. तो कागद हातात आला की निम्मे निर्णय आपोआप होतात.

तुमच्या लिहिण्यावरून मला जे समजलं त्यावर एक उदाहरण देते. लेकीचं टेबल हॉलमध्येच हवं असं तुम्ही धरून चाललाय, कारण दुसरी बेडरूम सासू-सासऱ्यांची. पण साडेसात ते दहा ते दोघं असतात कुठे? हॉलमध्ये, टीव्हीसमोर. म्हणजे गर्दीच्या वेळी त्यांची खोली रिकामी आणि दार लावता येणारी. तिथे खिडकीजवळ साडेतीन फुटांचं टेबल बसवा. दहाला ते झोपायला आत गेले की लेक वह्या घेऊन डायनिंग टेबलावर येईल. तेव्हा टीव्ही बंदच असतो. ही अदलाबदल फुकटातली आहे. मात्र आजोबांना लवकर झोपायची सवय असेल, किंवा दुपारी क्लास आणि पहाटे अभ्यास असं मुलीचं गणित असेल, तर हे जमणार नाही. ते तुमचा कागदच सांगेल. आणि खोलीचा विषय सासूबाईंशी तुम्ही काढण्यापेक्षा त्यांच्या मुलाने काढलेला बरा, हे माझं धंद्याबाहेरचं मत.

आता जागेकडे येते. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या नकाशाप्रमाणे मुख्य दार १० फुटी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात. आत आलं की डावीकडे १७ फूट सलग भिंत. उजवीकडे पहिले सहा फूट स्वयंपाकघराची भिंत, मग तीन फुटांचा पॅसेज (यातूनच स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम), मग आठ फूट भिंत. समोर मधोमध बाल्कनीचं सहा फुटी सरकतं दार.

या नकाशावर सोफा काढायच्या आधी पेन्सिलने माणसांचे रस्ते काढा. दारातून पॅसेजकडे, पॅसेजमधून बाल्कनीकडे. दुसरा रस्ता जास्त महत्त्वाचा आहे, कारण तिथून रोज धुतलेल्या कपड्यांची बादली जाते. मुख्य रस्त्याला तीन फूट रुंदी ठेवा, अगदीच अडलं तर अडीच. त्याच्या खाली गेलात की माणसं आडवी होऊन चालतात आणि सोफ्याचा कोपरा पहिल्या महिन्यातच मळतो. रस्ते काढून जी जागा उरेल तीच फर्निचरची.

एवढं केलं की एल शेपचं उत्तर नकाशाच देतो. दुकानात तुम्ही पाहिलेला सोफा ८ बाय साडेपाच फुटांचा. लांब बाजू डाव्या भिंतीला आणि आखूड बाजू बाल्कनीला लावली, तर बाल्कनीच्या सहा फुटी दारातलं साडेतीन फूट अडलं. बादली घेऊन तुम्ही रोज उरलेल्या अडीच फुटांतून जाणार. उलटा लावला तर दारातून येणाऱ्याला आधी सोफ्याची पाठ दिसते आणि हॉलचे दोन तुकडे पडतात. शिवाय एल सोफ्याच्या कोपऱ्यात कोणी बसत नाही. बसलं तर शेजारच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. विकताना सहा जणांचा म्हणतात, पाहुणे आले की बसतात चार. मोठ्या हॉलमध्ये एल शोभतो, मीही अनेकांना करून दिलाय. तुमच्याकडे नको.

थ्री प्लस वन प्लस वनही तसाच्या तसा नको, कारण ते दोन 'वन' अवजड असतात आणि एकदा ठेवले की हलत नाहीत. तुमच्याकडे मी असं करेन: डाव्या भिंतीला, बाल्कनीच्या बाजूने सुरुवात करून, सव्वासहा बाय अडीच फुटांचा दिवाण, त्याला लागून पाच फुटांचा टू सीटर. सव्वाअकरा फूट भरले. दिवाण म्हटलं की लोक नाक मुरडतात, आजीच्या घरचा वाटतो. पण सासरे दुपारी हॉलमध्येच आडवे होतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि गावाहून कोणी आलं की झोपणार कुठे हाही प्रश्न असतोच. दिवाणाखाली खण केले तर जादा अंथरुणं, चटया, गणपतीची आरास सगळं तिथे जातं. नुसती ओळ मात्र एसटी स्टँडच्या बाकड्यासारखी दिसते. सगळे समोर बघत बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून बाल्कनीच्या कडेला काटकोनात दोन लाकडी, हाताच्या, एका हाताने उचलता येतील अशा खुर्च्या. त्या दारात येतील हे खरं, पण बादली आली की खुर्ची सरकते. सोफा सरकत नाही.

उजवीकडच्या आठ फुटांत टीव्ही. दहा फुटांतून दिवाणाचे अडीच आणि टीव्हीखालच्या कपाटाचा सव्वा फूट गेला की मधे सव्वासहा फूट मोकळे राहतात. बाल्कनीचा रस्ता टीव्हीसमोरूनच जाईल, त्याला इलाज नाही. मालिका ऐन रंगात असताना कोणी बादली घेऊन गेलं तर दोन सेकंद खोळंबा. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर ठेवा. हल्ली तसबिरीसारखा उंच टांगतात आणि मग मान दुखते म्हणून डॉक्टरकडे जातात. बाल्कनी तुमच्या टीव्हीच्या बाजूला येते, समोर नाही, त्यामुळे पडद्यावर उजेड फारसा चमकणार नाही. बाल्कनी पश्चिमेला असेल तर मात्र जाड पडदा लागेलच, एप्रिल-मेमध्ये दुपारी तो हॉल तापतो.

मधे टीपॉय? नको. काचेचा तर अजिबात नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. धंद्यात नवी असताना कल्याणच्या एका घरात मी मोठ्या हौसेने काचेचं सेंटर टेबल आणि खाली गुबगुबीत गालिचा दिला होता. फोटो फार सुंदर आले. दोन महिन्यांत त्या घरातल्या आजींचा पाय गालिच्याच्या कडेत अडकला, नशिबाने हात दिवाणावर पडला आणि निभावलं. तेव्हापासून ज्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे तिथे सुटा गालिचा मी देत नाही. चहाच्या कपासाठी एकात एक बसणारी तीन छोटी स्टुलं पुरतात, आणि काम झालं की ती दिवाणाच्या टोकाशी जातात.

डायनिंग टेबल मावतं. दारातून आल्यावर उजवीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, ४ बाय अडीच फुटांचं. लांब बाजू भिंतीला. समोर दोन खुर्च्या, दाराकडच्या टोकाला एक. खुर्ची मागे ओढून बसायला टेबलाच्या कडेपासून अडीच फूट लागतात, म्हणजे भिंतीपासून पाच फूट गेले. डाव्या भिंतीला दाराजवळ चपलांचं फूटभर खोल कपाट धरलं तरी मधे चार फूट उरतात. रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलात की टेबल दीड फूट पुढे ओढायचं आणि भिंतीकडच्या बाजूला दोन स्टुलं टाकायची. तेवढा वेळ दारातला रस्ता अडीच फुटांवर येतो, पण जेवताना कोण ये-जा करतंय? मात्र टेबल हलतं असल्यामुळे त्याच्यावर लोंबता दिवा लावू नका, दीड फूट पुढे ओढलं की दिवा कोणाच्या तरी कपाळाशी येतो. भिंतीवरचा किंवा छताला चिकटलेला दिवा घ्या. रात्री लेक तिथे वाचणार असेल तर ४००० केल्व्हिनचा पांढरा उजेड बरा. दिवाणाच्या बाजूला ३००० चा पिवळसर. दोन्हींची बटणं वेगळी हवीत. अख्ख्या हॉलला एकच ट्यूबलाइट असली की एकाला झोपायचं आणि एकाला वाचायचं, यावरून पुन्हा वाजतं.

भिंत काढायचं मात्र डोक्यातून काढा. त्यात दोन भाग आहेत. पहिला, काढता येते का? वीस वर्षं जुनी इमारत म्हणजे बहुधा खांब-तुळयांची आणि मधल्या भिंती विटांच्या, तेव्हा कदाचित येईल. पण 'बहुधा' आणि 'कदाचित' यांच्या भरवशावर हातोडा चालवत नाहीत. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन पाहणं, दोन्ही लागतं. (हल्लीच्या अनेक नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्याच भिंती असतात, तिथे तर हा विषयच नको.) दुसरा भाग, काढावी का? तुमच्याकडे रोज फोडणी होते, आठवड्यातून दोनदा मासे तळले जातात. भिंत गेली की तो धूर आणि वास दिवाणाच्या गादीत, पडद्यांत आणि पंख्याच्या पात्यांवर चिकट थर होऊन बसतो. चिमणी मदत करते, पण सुरमईचा वास पूर्ण ओढून घेणारी चिमणी मी अजून पाहिली नाही. आणि कुकरच्या शिट्टीला बातम्यांचा आवाज वाढणार, आवाजाला लेकीचा आवाज वाढणार. ज्यांनी हौसेने भिंत काढली त्यातल्या तिघांकडे मी नंतर काचेचं सरकतं दार बसवून आलेय.

मोकळं वाटायला हवं असेल तर त्याच भिंतीत टेबलाच्या वर तीन फूट रुंद, दोन फूट उंच खिडकी करा, सरकत्या झडपेची. पोळी तव्यावरून थेट ताटात येते, तुम्हाला आतून गप्पांत भाग घेता येतो, तळण चालू असेल तेव्हा झडप बंद. यालाही इंजिनिअरला विचारायचंच, शिवाय त्या भिंतीतून वायर किंवा नळ जातोय का तेही आधी तपासायचं.

काही गोष्टी नकाशात कोणी काढत नाही आणि मग घरभर पसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये तुमचे कपडे कुठे वाळतात? पंख्याखाली, हॉलमध्येच. मग त्या स्टँडची जागा आत्ताच ठरवा: बाल्कनीकडच्या दोन खुर्च्या उचलून टेबलाशी गेल्या की तिथे स्टँड उभा राहतो. ओल्या छत्र्यांना चपलांच्या कपाटाच्या बाजूला खालून ट्रे असलेला स्टँड. गणपती दीड दिवसाचा असला तरी जागा लागतेच. डायनिंग टेबल भिंतीलाच आहे, त्यावर मखर बसतं आणि आरतीला समोर माणसं उभी राहतात. त्या दिवसांत पंगत दिवाणासमोर खाली. सासूबाई दिशेचं म्हणतील. देव्हारा आणि गणपती यांच्या दिशेवर मी कधी वाद घालत नाही. ज्या घरात रोज दिवा त्या लावतात, तिथे जागाही त्यांनीच सांगावी, आपण बाकीचं त्याभोवती बसवू. तुम्ही उत्तर दिशा नकाशावर दाखवलेली नाही, म्हणून त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

क्रमाबद्दल एकच सांगते, कारण इथे पैसे वाया जातात. आधी वायरिंग. दिवाणाच्या उशाशी दोन फूट उंचीवर फोन चार्ज करायचा पॉइंट, टीव्हीमागे चार तरी सॉकेट, आणि आजोबांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत जमिनीपासून फूटभरावर एक-दोन मिणमिणते दिवे, रात्री त्यांच्यासाठी. मग ती खिडकी, मग रंग, मग सुतारकाम, आणि विकत आणायच्या वस्तू सगळ्यात शेवटी. लोक सोफा आधी आणतात आणि त्यावर चादर टाकून तीन महिने धूळ खातात.

आणि काही ऑर्डर करण्याआधी रद्दीचे पेपर काढा. दिवाण, टू सीटर, टेबल, कपाट यांच्या मापाचे पेपर चिकटपट्टीने जोडून जमिनीवर अंथरा आणि चार दिवस तसेच वावरा. पेपरवर पाय पडला तर तिथे उद्या पाय आपटणार आहे असं समजायचं. एका घरात पेपर अंथरल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं की बेडरूमचं दार पूर्ण उघडत नाही. नकाशात ते मलाही दिसलं नव्हतं.

जिना मोजायलाही विसरू नका. तुमच्याकडे लिफ्ट नाही. मी एकदा साडेसात फुटांचा अखंड सोफा तिसऱ्या मजल्यासाठी करून घेतला आणि तो पहिल्या वळणावरच अडकला. शेवटी दोर लावून बाल्कनीतून वर घेतला, खाली अर्धी सोसायटी सूचना द्यायला उभी. तुमचा टू सीटर पाच फुटांचाच आहे, तरी वळणाची रुंदी आणि छताची उंची लिहून न्या. दिवाण सुताराकडून दोन तुकड्यांत करून घ्या, वर येऊन जोडता येतो.

टू सीटर बघायला जाल तेव्हा सासऱ्यांना बरोबर न्या. दुकानात हल्ली सगळे सोफे खोल आणि बुटके असतात. बसल्यावर दाबून बैठक पंधरा-सोळा इंचांवर येते आणि गुडघेदुखीच्या माणसाला तिथून उठवत नाही. तुम्हाला दाबल्यानंतर अठरा इंच हवेत. दिवाणालाही तोच हिशोब: खोका चौदा इंच, गादी चार. टेपने मोजत बसायला दुकानदार कंटाळतो, म्हणून सोपं करा. सासऱ्यांना प्रत्येक सोफ्यावर पाच मिनिटं बसवा, चहा आला तर तोही घेऊ द्या, आणि मग कोणाचाही हात न धरता उठायला सांगा. ज्यावरून ते पहिल्याच प्रयत्नात उठतील, रंग आवडो न आवडो, तो घ्या. कापड बदलून मिळतं.